सातव्या पट्ट्यातली गाठ

आभार मानायची मला सवय नाही. शिव्या द्यायची आहे. बत्तीस वर्षं मागावर उभी राहिलेली बाई गोड बोलायला शिकणार कुठं? मागाच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं, आणि ओरडून बोललेलं कुणाला गोड लागत नाही. पण यंदा काही माणसांचे आभार मानल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, म्हणून सांगायला बसले आहे. मी मालन ढवळे. इचलकरंजीत भूपाल आण्णा मगदूम यांच्या शेडमध्ये चोवीस माग आहेत, त्यातले दोन माझ्याकडे.

आमचे साधे माग एकेकाळी भंगारात गेले होते. नवे वेगवान माग आले, मग माणसाशिवाय चालणारे आले, आणि आमच्यासारख्यांना कुणी विचारेना. आण्णांनी तेवढे आपले माग विकले नाहीत. लोक म्हणायचे, म्हातारा लोखंड उराशी धरून बसलाय. मग डोंगराचं कापड निघालं आणि तेच लोखंड कामाला आलं.

डोंगराचं कापड म्हणजे काय, ते आधी नीट सांगते. पावसात डोंगर खाली येतो तो का? वर माती असते, खाली कातळ. पाणी मातीतून मुरतं, कातळाला अडतं आणि दोघांच्या मध्ये साचतं. मग माती कातळावर तरंगायला लागते आणि एक दिवस घसरते. त्या मातीला धरून ठेवायला आम्ही कापड विणतो. त्यातला उभा धागा असतो काळ्या कातळाचा. थट्टा नाही, आपल्या सह्याद्रीचा तोच काळा दगड चौदाशे-पंधराशे अंशांवर वितळवतात आणि त्याचं बारीक सूत ओढतात. ते कुजत नाही, गंजत नाही. आडवा धागा तागाचा. कापड डोंगराच्या माथ्यापासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी अंथरायचं, वर चर खणून त्यात टोक गाडायचं, लांब खिळ्यांनी कातळाला जखडायचं आणि विणीच्या भोकांतून वाळ्याचं गवत लावायचं. दोन-तीन वर्षांत ताग कुजून त्याचं खत होतं, तोवर वाळ्याची मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात. कातळाचं सूत मात्र तसंच राहतं. वेगवान मागाच्या झटक्यानं हे सूत तडकतं, म्हणून आमचे हळू चालणारे म्हातारे माग हवेत.

आणि प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध एक वेगळा उभा धागा असतो. त्याला शेडमध्ये आम्ही कानसूत म्हणतो. त्याच्यावर कोळशाचा लेप असतो, त्यातून वीज जाते. वरच्या टोकाला पेटी बसवतात, ती धाग्यातून विजेची हाक सोडते आणि विहिरीत आवाज दिल्यावर घुमून येतो तसा तिचा प्रतिसाद ऐकते. धागा कुठं ताणला गेला तर प्रतिसाद बदलतो, आणि कितव्या मीटरला ताणला ते पेटीला कळतं. तीन मिलिमीटर ताण आला की वाडीतला हिरवा दिवा लाल होतो आणि भोंगा वाजतो. डोंगर एकदम कोसळत नाही, आधी तासन्‌तास केसाकेसानं सरकतो. तेवढ्या तासांत माणसं निघतात.

नियम एकच होता. कानसूत तुटलं तर गाठ मारायची नाही. माग बंद करायचा, हाक मारायची, तागा, म्हणजे एका पट्ट्याचं सलग कापड, तिथंच कापायचा आणि नवा लावायचा.

आता माझी चूक. फाल्गुनात तीनशे अठरा नंबरचा तागा मागावर होता. बावीस मीटर झाले असतील, कानसूत तुटलं. आणि तुटलेला धागा दिसला की विणकराचा हात काय करतो? बांधतो. मनाला विचारायला जातच नाही. दोन टोकं चिमटीत, एक वळसा, ओढलं, संपलं. माझी गाठ बोटाला लागत नाही अशी माझी ख्याती होती आणि मी ती नाकानं कांदे सोलत चारचौघींना सांगायचे. गाठ बसल्यावर लक्षात आलं, अगं बाई, हे कानसूत. पण तोवर माग पुढं गेला होता. तपासणीत दोन टोकांना दिवा लावतात, तो लागला. म्हटलं, लागला ना दिवा, मग झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तागा गेला रत्नागिरीकडं, पाणेरीवाडीच्या डोंगरावर, सातव्या पट्ट्यावर.

वैशाखात त्या वाडीचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं, खाली पंचवीस-तीस सह्या, काही अंगठे. ‘दर पावसात इशारा आला की आम्ही गुरं सोडून शाळेत राहायला जात होतो. तुमच्या हातांमुळे यंदा घरात राहू.’ आण्णांनी ते पत्र शेडच्या भिंतीला चिकटवलं. मी रोज त्याच्यासमोरून जायचे आणि मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आषाढात मृणाल हेगिष्टे मॅडम आल्या. हे कानसूत ज्यांनी तयार केलं त्यांतल्या त्या एक, तिशीतली पोरगी, मूळची संगमेश्वरकडची. वर्षातून एकदा येऊन आपलं कापड काय काम करतंय ते आम्हाला समजावून सांगायच्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुम्ही लोक नियम पाळता म्हणून हे चालतं. या धाग्यात एक गाठ असली तरी घोळ होईल."

"गाठ असली तरी दिवा लागतो की मॅडम," मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दिवा लागणारच. वीज गाठीतून जाते." त्यांनी टेबलावरचा दोऱ्याचा तुकडा घेतला, गाठ मारली, गाठीच्या दोन्ही बाजूंना पेनानं खुणा केल्या आणि हळूहळू ओढायला लागल्या. "बघा. दोरा ताणला जायच्या आधी गाठच आवळते. खुणा किती लांब गेल्या? पाच-सहा मिलिमीटर. आणि आपला भोंगा तीनवर वाजतो. म्हणजे डोंगर निघालेला असेल आणि हा धागा अजून सांगत असेल, काही नाही, सगळं ठीक."

समोर भिंतीवर ते पत्र.

मॅडम गेटकडं निघाल्या तशी मी आण्णांच्या खोलीत गेले. आण्णा चष्मा पुसत होते. पंचाहत्तरीचा माणूस. कुठंच काम नव्हतं तेव्हा त्यांनी मला मागावर उभं केलं होतं.

"आण्णा, तीनशे अठराच्या कानसुताला गाठ हाय. माझी."

चष्मा पुसणं थांबलं. "कुणाला ठावं हाय?"

"मला. आता तुम्हाला."

"चोवीस माग हायत मालन. त्यांच्यावर चाळीस घरं हायत."

"माहीत हाय."

"मग कशाला बोलालीस?"

"ते पत्र आता वाचवंना मला."

आण्णा चष्मा डोळ्यांवर चढवून उठले. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "जा. मॅडम अजून गाडीत बसल्या नसतील." आवाज असा काही तुटका होता की मला वाटलं, आपलं इथलं दाणापाणी संपलं. बत्तीस वर्षांचं सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

मृणाल मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "कितव्या मीटरला?"

"बाविसाव्या. वरच्या टोकापासून."

त्यांनी फोनवर पाणेरीवाडीचे आकडे उघडले. सहावा पट्टा, एक मिलिमीटर. आठवा पट्टा, एक मिलिमीटर. सातवा, शून्य. त्या पायरीवर बसल्याच. मला म्हणाल्या, "मालनताई, शेजारचे दोघं ताणलेत आणि मधला एकटा स्वस्थ आहे, असं होत नाही. घसरण नेहमी अरुंद पट्ट्यात सुरू होते. ती सातव्याखाली सुरू झाली आहे. तुमची गाठ आवळते आहे."

त्यांनी तालुक्याला फोन लावला. तिकडच्या माणसाचंही काही चूक नव्हतं. त्याच्यासमोर एकाही पट्ट्याचा आकडा तीनच्या वर नव्हता. शेजारी बोलतात आणि मधला गप्प आहे, हे त्याच्या कुठल्या तक्त्यात बसणार? तो म्हणाला, वाडी हलवायची सक्ती करता येणार नाही, तुम्ही वाडीशी बोलून बघा. मॅडमनी मला विचारलं, "येता?" मी अंगावरचा एप्रन काढला आणि गाडीत बसले.

आंबा घाटात गाडी मुंगीच्या पावलानं उतरत होती. धुकं एवढं की पुढची गाडी नुसत्या दिव्यांवरून ओळखायची. मॅडम दर दहा मिनिटांनी मला फोन बघायला सांगत होत्या. सहावा दीड. आठवा सव्वा. सातवा शून्य. ते शून्य माझं होतं. दुसरं कुणीही ते बघून खूश झालं असतं.

पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. एक्केचाळीस घरांची वाडी, पाठीमागं डोंगर, त्याच्यावर आमचं कापड आणि त्यातून वर आलेला हिरवागार वाळा. देवळाजवळच्या खांबावर हिरवा दिवा. लोक जमले. वाडीत ज्यांचा शब्द चालतो ते धाकूबाबा बाईत देवळाच्या कट्ट्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातले. घर त्यांचं डोंगराला सगळ्यांत जवळ, बरोबर सातव्या पट्ट्याखाली. मॅडमनी सगळं समजावलं, आकडे दाखवले. लोकांनी ऐकून घेतलं आणि दिव्याकडं बघितलं.

"दिवा हिरवा हाय," धाकूबाबा म्हणाले.

"आहे बाबा. पण सातव्या पट्ट्यापुरता तो खरा नाही," मी म्हणाले.

"तुमी कोण?"

"ते कापड मी विणलं. त्याच्या कानसुताला मी गाठ मारली. मारायची नव्हती, मारली. आणि पाच महिने गप्प बसले."

मग मागून एक बाई पुढं आली. कडेवर पोर, पदर खोचलेला. "म्हंजे चूक तुमची आणि सामान आमी बांधायचा?"

"व्हय. तसंच आहे," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? तिचं सोळा आणे खरं होतं.

"चार वर्षं आमी त्या शाळेत दिवस काढले. ओली पोरं, ओली लाकडं. कापड आला तवा वाटला, सुटलो."

धाकूबाबा काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडं बघत होते. खालपासून वरपर्यंत. मग म्हणाले, "इतकी वर्षं जो कोण आला तो सांगून गेला, आमचा यंत्र चुकत नाय. आपला चुकला म्हणून सांगाय घाट उतरून आलेला माणूस मी आज बघतंय." ते उठले. "चला रे. म्हशी सोडा आधी."

झालं. त्यांचा पाय निघाला तशी सगळी वाडी निघाली. कुरकुरत निघाली, पण निघाली. मी त्या पदर खोचलेल्या बाईचं पिंप उचललं. तिनं नको म्हटलं नाही. तिचं नाव सुगंधा. दोन म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, एका बाळंतिणीला खाटेसकट उचललं. शाळा पलीकडच्या टेकाडावर. सगळे पोचायला सव्वा तास लागला. हा सव्वा तास मी कधी विसरणार नाही.

मग वाट बघणं. पाच वाजले. डोंगर जागच्या जागी, दिवा हिरवा. चूल पेटेना, पोरं रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, "बाईनं उगाच घोळ घातलान." मी खाली मान घालून बसले. खरं सांगते, त्या वेळी मी देवाला काय मागावं तेच मला कळेना. डोंगर यावा असं कसं मागणार? आणि नाही आला तर या माणसांना तोंड कसं दाखवणार? शेवटी म्हटलं, नको येऊ दे रे बाबा, मी खाईन शिव्या.

सहाला दहा कमी असताना मॅडमनी माझा हात धरला. सातवा पट्टा शून्यावरून दोन झाला. मग चार. मग सात. गाठ पुरी आवळली होती आणि धागा एकदाचा बोलायला लागला होता. भोंगा वाजला. वाडीत कुणी नव्हतं, नुसता रिकाम्या घरांवर वाजत राहिला.

अकरा मिनिटांनी डोंगर हलला. आधी वाळ्याचा एक पट्टा खाली सरकल्यासारखा दिसला, मग आवाज आला. पण सगळा डोंगर आला नाही. सतरा पट्ट्यांपैकी चौदांनी माती धरली. डोंगराचं पोट फुगलं, कापड ताणलं, पण फाटलं नाही. सहावा, सातवा आणि आठवा यांच्या मधली शिवण उसवली आणि तिथून चिखल खाली उतरला. चार घरं गेली. धाकूबाबांच्या घराचं नुसतं कौलारू टोक वर राहिलं. सुगंधाचं घर खिडकीपर्यंत भरलं.

अकरा मिनिटं. सव्वा तासाचं काम अकरा मिनिटांत कुणी केलं असतं? शाळेत एकेकाचं नाव घेऊन मोजणी झाली. एकशे त्रेपन्न माणसं. दोनदा मोजली, दोन्ही वेळा पुरी भरली. तेव्हा मी भिंतीला टेकून रडले. पोट भरून रडले.

धाकूबाबा माझ्याजवळ येऊन बसले. घर गेलेला माणूस, पण आवाज शांत. "बाय, तुमी नसता सांगितला तर कुणाला कळला असता?"

"कुणालाच नाही. गाठ मातीत गेली असती. पाऊस जास्त झाला म्हणाले असते."

"मंग का आलीस?"

मी पदराचं ओलं टोक पिळत बसले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आलीस ता बरा केलास." आणि सुगंधानं, जिचं घर खिडकीपर्यंत भरलं होतं तिनं, ओल्या लाकडांवर कसाबसा चहा करून पहिला पेला मला दिला. मी घेईना तर म्हणाली, "घ्या वो. तुमाला बोलले ता बोलले, पण पोर माझा माझ्या मांडीवर हाय." माझ्या चुकीनं त्यांची झोप, त्यांचं घर, सगळं टांगणीला लागलं, आणि वर चहा मला. एवढ्या मोठ्या मनाचे आभार कोणत्या तोंडानं मानायचे, ते मला अजून कळलेलं नाही. मी तिथल्या तिथं वाकून त्या म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी इचलकरंजीला परत आले. मनाची तयारी केली होती. आण्णा सांगतील, मालन, उद्यापासून येऊ नको. मी आधीच माझी डब्याची पिशवी आणि खुंटीवरची साडी काढून ठेवली.

आण्णा शेडमध्ये आले आणि त्यांनी मेन स्विच खाली पाडला. चोवीस माग एकदम गप्प झाले. दिवसाउजेडी ती शेड एवढी शांत मी कधी बघितली नव्हती. चाळीस माणसं जागच्या जागी उभी.

"पाणेरीवाडीचं सगळ्यांना कळलंय," आण्णा म्हणाले. "मालननं काय केलं तेबी आणि मागनं काय केलं तेबी. आता मी एकच विचारतो. कानसुताला आणि कुणी गाठ मारलीया?"

कुणी हललं नाही. कोण हलणार? जित्याची खोड सगळ्यांच्याच हाताला आहे, हे सगळ्यांना ठाऊक. पण कबूल करायचं म्हणजे आपल्याच पोटावर आपणच पाय ठेवायचा. मी खाली बघत होते, कारण कुणाकडंही बघितलं तर त्याला वाटलं असतं, मी बोट दाखवते आहे.

मग आण्णांनी स्वतःचा हात वर केला.

"दोनशे सत्त्याण्णव," ते म्हणाले. "दिवाळीत माणसं नव्हती म्हणून मी उभा राहिलो मागावर. तुटलं, बांधलं. लहानपणापासनं बांधत आलोय. आणि मालन सांगायला आली तवाबी मी तिला कशाला बोलालीस म्हणून विचारलं. माझं मला बोलायचं धाडस नव्हतं."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्या दिवशी भिंतीकडं तोंड का फिरवलं, ते मला आता कळलं.

कोपऱ्यातल्या मागावरची शमीम जमादार पुढं झाली. "तीनशे चार," तिनं हात वर केला. तिच्या मागून तवनाप्पा. मग आणखी एक, मग दोघं एकदम. नंबर पाठ होते सगळ्यांचे. म्हणजे माझ्यासारखेच सगळे झोपेत उठून बसत होते की काय कोण जाणे. मला सोडून अकरा हात वर झाले. अकरा तागे, नऊ वाड्यांवर अंथरलेले.

मी मृणाल मॅडमना फोन लावला आणि एकेक नंबर वाचून दाखवला. त्या तिकडून ताग्याची नोंद बघून वाडीचं नाव सांगत होत्या आणि लिहून घेत होत्या. अकरावा झाल्यावर त्यांनी सगळी यादी एकदा परत वाचून दाखवली. मग म्हणाल्या, "सगळ्यांना सांगा, मी आभारी आहे." संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ वाड्या शाळा-देवळांत हलवल्या. आमचं काम दोन महिने बंद राहिलं. मग चालू झालं, जादा तपासणीसकट, आणि एकाही माणसाला आण्णांनी घरी पाठवलं नाही.

त्या दिवशी शेड बंद व्हायच्या आधी मी त्या अकराही जणांच्या पाया पडले. शमीम माझ्या लेकीच्या वयाची, ती पाय मागं घेत होती, तरी पडले. मी एकटीनं सांगितलं तेव्हा माझ्या अंगाशी आलं होतं. त्यांच्या अंगाशी काहीच आलं नव्हतं, आणि तरी त्यांनी हात वर केले.

श्रावणात त्या नऊपैकी दोन वाड्यांवर डोंगर आला. घरं गाडली गेली. आत कुणी नव्हतं.